थंडीतला ठोका

डिसेंबर लागला की नाशिककरांच्या बोलण्यात निफाडचा पारा येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी कानांवर पडतो, आणि तो ४ अंशांच्या आसपास घसरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. याच दिवसांत शहरातल्या गॅरेजांत एक तक्रार ठरलेली असते. मालक गाडीतून उतरतो, हात चोळतो आणि म्हणतो, “मिस्त्री, गाडी ठोकते आहे. थंडीमुळे असेल का हो?”

मिस्त्री बहुधा दोनपैकी एक उत्तर देतो. “थंडी आहे, चालायचंच,” हे एक; किंवा “टायमिंग मागं घेऊ,” हे दुसरे. दोन्ही उत्तरे कधी बरोबर असतात, कधी चूक. चूक झाली तर पहिल्या उत्तराने पिस्टनला भोक पडते आणि दुसऱ्याने काही बिघडलेले नसताना गाडीचा जोर जातो, पेट्रोल जास्त लागते. ज्या गाडीत मालकाने मूळ कंपनीच्या रचनेत फेरफार करून घेतले आहेत, म्हणजे गॅस किट बसवले आहे, बोअर वाढवला आहे, इंजिनच बदलले आहे, तिच्या बाबतीत तर ही चूक फार सहज होते; कारण अशी गाडी पुस्तकातल्या गाडीसारखी वागत नाही.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल. पण माझ्या मते ही अडचण निम्मी यंत्राची आणि निम्मी भाषेची आहे. ‘ठोका’ किंवा ‘नॉकिंग’ हा एकच शब्द आपण किमान चार निरनिराळ्या आवाजांना वापरतो. त्या चारांची कारणे वेगळी, उपाय वेगळे, आणि थंडीशी असलेले नातेही वेगळे. म्हणून आवाज कसला आहे हे विचारण्याच्या आधी तो केव्हा येतो आणि केव्हा जातो, हे विचारावे लागते.

प्रथम खरा ठोका पाहू. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी पडते तेव्हा सिलिंडरातले मिश्रण एकदम फुटते अशी पुष्कळांची समजूत असते. तसे होत नाही. वाळल्या गवताच्या कुरणाला एका कडेने आग लावली की ती जशी पुढे सरकत जाते, तशी ज्योत प्लगपासून पलीकडच्या भिंतीकडे सरकते. सरकताना जळालेला वायू फुगतो आणि कोपऱ्यात उरलेले न जळलेले मिश्रण दाबले जाते, तापते. ज्योत तिथे पोहोचण्याआधीच ते फार तापले तर आपणहून पेट घेते, आणि तेही सगळे एकाच क्षणी. त्यातून दाबाच्या लाटा उठून सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा तो ‘टिणटिण’ आवाज. लहान सिलिंडरात या लाटा सेकंदाला सात-आठ हजार वेळा कंप पावतात, म्हणून आवाज धातूसारखा तीव्र असतो. तो खोल, घुमणारा कधीच नसतो.

हा आवाज मोटारीच्या जन्मापासून तज्ज्ञांना छळत आला. इंग्लंडात हॅरी रिकार्डो यांनी त्याचे स्वरूप उलगडले. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना १९२१ च्या डिसेंबरात असे आढळले की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये किंचित मिसळले तर ठोका थांबतो. पेट्रोलचा ठोक्याला तोंड देण्याचा गुण मोजणारी ऑक्टेनची पट्टी त्यानंतर पाच-सहा वर्षांत आली. शिसे मात्र विषारी. साऱ्या जगाने ते श्वासातून घेतले आणि ते हटवायला पुढची कित्येक दशके गेली. आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र सक्तीचे झाले ते २००० साली. ठोका बंद करण्याची किंमत इंजिनाबाहेरच्या माणसांनी मोजली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. असो.

आता थंडीचे पाहू. वर सांगितलेला ठोका उष्णतेतून जन्मतो. कोपऱ्यातले मिश्रण जितके तापेल तितका तो लवकर येतो. मग आत येणारी हवाच गार असेल, डोक्यातले पाणी गार असेल, तर ठोका वाढायला हवा की कमी व्हायला हवा? कमीच. पेट्रोलच्या गाडीचा खरा ठोका मे महिन्यातल्या दुपारी, भरल्या गाडीने कसारा घाट चढताना यायचा. निफाडच्या पहाटे पहिल्या मिनिटाला नव्हे. तेव्हा कोणी म्हणाले की गाडी सकाळी सुरू करताच ठोकते आणि गंगापूर रोडला पोहोचेपर्यंत आवाज गेलेला असतो, तर टायमिंगला हात लावू नये. तो आवाज आगीचा नाही, लोखंडाचा आहे.

लोखंडाचा म्हणजे कोणाचा? बहुतेक वेळा पिस्टनचा. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि पुष्कळ इंजिनांचा सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट पसरते, म्हणून गार असताना दोघांमध्ये थोडी जागा मुद्दाम सोडलेली असते. गार इंजिनात पिस्टन त्या मोकळ्या जागेत या भिंतीवरून त्या भिंतीवर डुलतो आणि त्याचा ‘ठकठक’ असा बसका आवाज येतो. रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकलेल्या इंजिनात लेथवाल्याने जागा थोडी जास्त सोडली, की हा आवाज वाढतो. शर्यतीच्या हौसेने घडीव पिस्टन बसवले तर तो हमखास येतो. कारण त्या धातूचे प्रसरण जास्त आणि म्हणून गार असतानाची मोकळी जागाही जास्त ठेवलेली असते. पाच-दहा मिनिटांत पिस्टन फुगतो, जागा भरते, आवाज बंद. इतके झाले तर चिंता नको. गाडी तापल्यावरही आवाज राहिला तर मात्र काम निघाले असे समजावे.

दुसरा गार आवाज टॅपेटचा. तो हलका, घड्याळासारखा, आणि इंजिनाच्या गतीच्या निम्म्या गतीने येणारा असतो. थंडीत तेल घट्ट होते, वर पोहोचायला वेळ लागतो, म्हणून पहिले अर्धे मिनिट तो जाणवतो. तिसरा मोठा फसवा: एक्झॉस्टच्या जोडावरचे पॅकिंग गेलेले असले तर गार असताना तेथून धूर फटफट बाहेर पडतो आणि ऐकणाऱ्याला तो टॅपेट किंवा ठोकाच वाटतो. तापल्यावर लोखंड पसरून फट बुजते आणि आवाज नाहीसा होतो.

नव्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. त्यांच्या इंजिनावर ठोका ‘ऐकणारा’ एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याला ठोका ऐकू आला की संगणक ठिणगी उशिरा पाडतो. घडीव पिस्टनचा गार असतानाचा आवाज या बिचाऱ्याला कधी कधी ठोक्यासारखाच वाटतो! मग काहीही जळत नसताना तो ठिणगी मागे घेतो आणि मालक म्हणतो, थंडीत गाडी ओढत नाही. माणसाचा कान फसतो तसा यंत्राचाही.

म्हणजे थंडी आणि खरा ठोका यांचा काहीच संबंध नाही का? सरळ संबंध नाही. पण आडवळणाचा आहे, आणि तो फेरफार केलेल्या गाडीतच सापडतो. या लेखातला माझा मुख्य मुद्दा तोच आहे.

जुन्या कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला गॅस किट बसवलेले घ्या. एलपीजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा पुष्कळ वरचा, शंभरापलीकडचा. त्याची ज्योतही वेगळ्या चालीने सरकते. म्हणून किट बसवणारे मिस्त्री डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून टायमिंग पुढे घेतात, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडते. गॅसवर हे गाडीला मानवते. आता थंडीत काय होते पाहा. टाकीतला गॅस द्रवरूप असतो. त्याचा वायू करणाऱ्या रिड्यूसरला रेडिएटरच्या गरम पाण्याची ऊब लागते. पाणी गार असेल तर रिड्यूसर गोठतो, गाडी आचके देते. म्हणून मालक गाडी पेट्रोलवर सुरू करतो आणि पाणी तापेपर्यंत पेट्रोलवरच चालवतो. एप्रिलमध्ये दोन मिनिटांत बटण दाबून गॅसवर जाणारा माणूस जानेवारीत सातपूरपर्यंत पेट्रोलवरच जातो. तोवर पिस्टनच्या डोक्यावरची जागा चांगली तापलेली असते, कारण ती पाण्याच्या कितीतरी आधी तापते. पण ठिणगी मात्र गॅसच्या हिशेबाने लवकर पडत असते. एखादा चढ आला, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला, की ‘टिणटिण’. हा खरा ठोका. थंडीने तो निर्माण केला नाही. थंडीने गाडीला नको त्या इंधनावर नको तितका वेळ ठेवले. उपाय सोपा आहे. टायमिंग पेट्रोलला चालेल इतकेच ठेवावे, गॅसवर थोडा जोर कमी मिळाला तरी सोसावा. किंवा इंधन बदलताच टायमिंगही बदलणारी जोडणी बसवून घ्यावी.

या दुखण्यात भर घालणारी आपल्याकडची एक प्रथा आहे. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा. इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा हा छोटा व्हॉल्व्ह पुष्कळ गॅरेजांत ‘आपल्या हवेला नको’ म्हणून फेकला जातो. ‘आपली हवा’ म्हणताना मुंबईची आठवण ठेवली जाते, निफाडची नाही. व्हॉल्व्ह नसलेली गाडी नाशिकच्या हिवाळ्यात कधी पुरती तापतच नाही. रिड्यूसरला ऊब मिळत नाही, म्हणजे पेट्रोलवरचा प्रवास आणखी लांबतो. चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल अर्धवट जळते आणि पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर बसतो. घर ते कॉलेज, कॉलेज ते घर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी तो लवकर वाढतो. या थराने आतली जागा कमी होते, दाब वाढतो, आणि थर उष्णता धरून ठेवतो. डिसेंबरात साठलेली ही काजळी मार्चच्या पहिल्या उन्हात ठोका म्हणून बोलू लागते. तोवर थंडी सगळे विसरलेले असतात.

जागा कमी होण्यावरून एक हिशेब सांगतो. मारुती ८०० ची क्षमता ७९६ घनसेंटिमीटर, सिलिंडर तीन. म्हणजे एकेकाचे सुमारे २६५. दाबाचे प्रमाण ८.७ ला १ धरले तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा साधारण साडेचौतीस घनसेंटिमीटर. गाडी एकदा गरम होऊन हेड वाकले की आपण त्याचे फेसिंग करून घेतो. फेसिंगमध्ये आतली जागा केवळ तीन घनसेंटिमीटरने कमी झाली तरी प्रमाण ८.७ वरून ९.४ च्या घरात जाते. मालकाला वाटते, दुरुस्ती केली. वास्तविक त्याने इंजिनात फेरफार केला आणि त्याला कोणी सांगितले नाही. अशी दोन-तीनदा फेसिंग झालेली हेडे जुन्या गाड्यांवर पुष्कळ आहेत. गाडी विकत घेताना हे विचारून घ्यावे.

डिझेलची गोष्ट अगदी उलटी आहे. पेट्रोलच्या इंजिनात मिश्रण आपणहून पेटले तर रोग. डिझेलमध्ये तेच आरोग्य. तिथे ठिणगी नसतेच. हवा दाबून तापवायची आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. फवारा आणि पेट यांच्यात क्षणाचा विलंब असतो. हवा गार असली की विलंब वाढतो, तेवढ्यात आणखी डिझेल आत येते आणि मग सगळे एकदम पेटते. म्हणून थंडीत डिझेलचा ठोका खरोखरच वाढतो. आपल्या जिल्ह्यात पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची रीत पूर्वीपासून आहे. अशा गाडीत इंजिन एका जागचे, गिअरबॉक्स दुसरीकडची, आणि हीटर प्लगची तार कुठेच जोडलेली नाही असे दृश्य दिसते. पहाटे पांढरा धूर, खणखणाट, आणि दहा मिनिटांत सारे शांत: हा विलंबाचा ठोका. हीटर चालू करणे, दाब तपासणे, नोझल साफ करून फवारा नीट करणे, इतक्यावर तो आटोक्यात येतो. तापल्यावरही ठोका राहिला तर पंपाचे टायमिंग पाहावे, किंवा जोर वाढावा म्हणून कोणी पंपाचा स्क्रू पिळला आहे का ते विचारावे. इंजिनाखालची रबरी बैठक जुळलेली नसली तर तीही चासीवर आदळून ठोक्याची नक्कल करते. कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार इंजिन बदलायला किंवा गॅस किट बसवायला नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता आणि आर.सी. बुकात नोंद लागते. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे.

प्रत्यक्ष तपासायचे कसे? गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहू द्यावी आणि सकाळी मिस्त्रीसमोर सुरू करावी. गॅरेजात तापलेली गाडी नेऊन ‘सकाळी येतो हो आवाज’ असे सांगण्यात अर्थ नाही. बंद शेडमध्ये मात्र इंजिन चालू ठेवू नये. तो धूर जीव घेतो. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून आवाज वरचा की खालचा हे ठरवता येते. जुन्या गाडीत मिस्त्री एकेका प्लगचा जोर काढून पाहतो. एखाद्या सिलिंडरचा जोर काढताच ठकठक मंदावली तर तो पिस्टन किंवा त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग. टॅपेटला याने काही फरक पडत नाही. बेअरिंगचा आवाज ओळखण्याची खूण अशी की तो गार असताना कमी आणि तेल तापून पातळ झाल्यावर जास्त येतो. पिस्टनच्या नेमका उलट. तो ऐकू आला तर गाडी तिथेच थांबवावी.

नंतर गाडी पुरती तापवून सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये हळू न्यावी आणि पाय दाबावा. टिणटिण आली आणि पाय उचलताच गेली, तर तो खरा ठोका. मग प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे किंवा चकचकीत कण दिसले, तर पिस्टनचा ॲल्युमिनियम झिजून उडतो आहे. इथे चालढकल नको. आणखी एक गोष्ट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथली हवा मुंबईपेक्षा विरळ. इथे कानाने टायमिंग लावलेली गाडी कसारा उतरून ठाण्यात गेली की सिलिंडरात जास्त हवा भरते आणि इथे गप्प असलेला ठोका तिथे जागा होतो. टायमिंग लावताना थोडी गुंजाईश ठेवावी ती यासाठी.

एवढे सगळे ठीक असूनही ठोका अचानक, एखाद्या भरण्यानंतर सुरू झाला, तर दोष इंजिनात नसून टाकीत असण्याचा संभव मोठा. रॉकेलचा ऑक्टेन फार खालचा. ते पेट्रोलमध्ये थोडेसे मिसळले तरी ठोका येतो, आणि थंडीत गाडी सुरू व्हायलाही कुरकुरते, कारण रॉकेल सहजी उडत नाही. भेसळ हा शब्द नाशिक जिल्ह्यात हलक्याने उच्चारता येत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जाळून मारले; ते हा प्रकार पाहायला थांबले होते.

भेसळीची शंका आली तर टाकी रिकामी होईपर्यंत वाट पाहत गाडी दामटू नये. पाय हलका ठेवावा आणि दुसऱ्या पंपावर भरून फरक पडतो का ते पाहावे. पंपावर गाळणकागद मागण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे. नोझलचे टोक पुसून पेट्रोलचा एक थेंब त्या कागदावर टाकायचा आणि दोनेक मिनिटे थांबायचे. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते. डाग राहिला तर तो कागद जपून ठेवावा, बिल घ्यावे आणि पुरवठा खात्याकडे तक्रार द्यावी.